झाकण

दुकानातल्या मुलानं तळहातावर ठेवून दाखवला,
राईच्या पावाच्या जाड कापाएवढा.
आत सगळं आहे, म्हणाला, नुसती वायर जोडायची.
मी कानाशी धरून हलवला.
काही वाजलं नाही.
जे हलवून वाजत नाही
त्याच्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही.

हा चारशे वीस युरोंना.
सुटे भाग घेऊन जुळवला तर पाचशे तीस,
वर आपली मेहनत,
आणि बिघडला तर कुणाच्या नावानं बोटं मोडायची
तेही आपलं आपणच ठरवायचं.
यार्को फोनवर म्हणतो, आई, आयतं घे.
माझ्या मुलाचा हिशेब बरोबर असतो.
म्हणूनच मी त्याला फारसं काही विचारत नाही.

एकोणीस वर्षं नदीपलीकडच्या कारखान्यात होते,
फोनच्या.
पांढरा कोट, केसांवर जाळी, भिंगाखाली
तिळाएवढे, तिळाहून बारीक भाग.
रात्रपाळीच्या आम्ही सहाजणी
एकमेकींना तोंडावरून कमी, मनगटावरून जास्त ओळखायचो.
एवढ्या वर्षांत एकही अख्खा फोन मी केला नाही.
माझ्याकडे यायचा तो अर्धा,
जायचा तोही अर्धाच.
मग एका नोव्हेंबरात सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं.
कॉफी होती. वेलदोड्याचे गोड पाव होते,
एरवी फक्त सणाला असायचे ते.
पाव पाहूनच कळलं.

स्वयंपाकघरात रेडिओ आणि खिडकी यांच्यामध्ये
बावीस सेंटिमीटर जागा आहे.
कॅलेंडरच्या पाठीवर मी चौकोन काढला,
कापला, जागेवर ठेवून पाहिला.
तीन रात्री आकडे मांडले:
पेटीची खोली, वायरींची वळणं,
वीजपुरवठ्याचा डबा, पंख्याचा आवाज.
पेन्टी खालच्या मजल्यावरून अंडी परत द्यायला आला,
कागद पाहून म्हणाला, रौनी, घर बांधतेस की काय?

खोकी आली ती सुपरमार्केटच्या कपाटात.
उणे चौदा होतं.
पोटकुरीच्या खुर्चीवर ती दोरीनं बांधली,
आणि एक पाय पट्टीवर, एक पाय बर्फावर मारत
उतारावरून घरी आणली,
लहानपणी यार्कोला आणायची तशी.
फक्त ही रडत नव्हती.

प्रोसेसर आपणहून बसतो, दाबायचा नाही,
हे हाताला आठवत होतं.
हाताला कापरं आलंय, हे मात्र तो विसरला होता.
दोन चष्मे एकावर एक चढवले.
स्क्रू खाली पडला की लोहचुंबक, कंदील,
आणि टेबलाखाली बसून थोडा वेळ
तिथेच बसून राहणं.

तिसऱ्या संध्याकाळी बटण दाबलं.
पंखा फिरला. पडदा निळा झाला.
मग मी झाकण बसवायला घेतलं
आणि ते बसेना.
दोन मिलिमीटर.
सगळं मोजलं होतं, बाईनं,
थंडावणाऱ्या त्या धातूच्या मनोऱ्याची उंची सोडून.
एकोणीस वर्षं जिनं मिलिमीटरच्या दहाव्या भागासाठी
दुसऱ्यांचं काम परत पाठवलं
तिचे दोन मिलिमीटर.

मी हसले. आधी थोडं, मग चांगलंच.
यार्को म्हणाला, ठेंगणा पंखा मागव.
म्हटलं, मागवते.
मागवला नाही.

आता तो तसाच चालतो, डोक्यावर काही नाही,
रेडिओ आणि खिडकीच्या मध्ये.
त्यावर बिलं भरते,
कारखान्यातल्या सिर्क्काला पत्रं लिहिते,
मध्येच थांबून आत बघते.
त्यातला प्रत्येक भाग कुणीतरी
अर्धा घेऊन अर्धाच पुढे दिला असणार.
धूळ बसते. शनिवारी रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडते.

झाकण बाल्कनीत आहे.
जाळीदार असल्यानं त्यात पाणी साठत नाही,
सूर्यफुलाच्या बिया कोरड्या राहतात.
सकाळी नऊला, उजाडता उजाडता,
पिवळ्या पोटाचे बारके पक्षी येतात
आणि ते वाजायला लागतं.